पूर्वज ऑरगॅनिक खायचे म्हणून शंभरी गाठायचे, हे खरंय का?

ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी तोच मेसेज येतो, की पूर्वी औषधं नव्हती, सगळं बिनखताचं खायचे, म्हणून लोक शंभर वर्षं जगायचे. असं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याला आठवतात ते नव्वदीतले पणजोबाच, लहानपणी गेलेली त्यांची भावंडं कुणी पाहिलेलीच नसतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं, आता 70 च्या आसपास आहे. आता 32 म्हणजे सगळे तिशीत जायचे असं नाही हं. समजा दहा मुलं झाली, त्यातली चौघं पहिल्या वर्षातच गेली आणि सहा जण सत्तरीपर्यंत जगली, तरी सरासरी 42 च येते. 1971 साली हजारातली 129 बाळं पहिल्या वर्षातच जायची, आज तो आकडा तिशीच्या आत आलाय, आणि हे झालं लसी, स्वच्छ पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं यांच्यामुळे.

घरीच बघा ना. माझ्या आजीच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल व्रण आहे, तिला विचारलं तुम्ही किती भावंडं होतात, तर म्हणाली, "नऊ, जगलो पाच." तुमच्या आजीलाही विचारा.

आहाराने फरक पडतोच, भाज्या-डाळी जास्त, मीठ कमी, तंबाखू बंद. ऑरगॅनिकमध्ये फवारणीचे अंश कमी असतात हे खरं, पण त्याने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. परवडत नसेल तर मंडईतली साधी मेथी नीट धुऊन खा, आणि बीपीची गोळी मात्र प्लीज बंद करू नका.