खड्डा, वाळा आणि माळव्याची काळी माती

इंदूरच्या आमच्या कॉलनीच्या बगीच्यात यंदा दोन वाफे शेजारी शेजारी केले आहेत. एकात नेहमीची विकतची लॉन. दुसरा वीतभर खोलगट. त्यात वाळा, मारवेल ही इथलीच गवतं, गवतासारखाच दिसणारा नागरमोथा आणि कडेला कळलावी. दोन्हींवर सारखंच पाणी ओतून दाखवतात. पाटी आहे : ‘पाणी कुठे गेलं ते पाहा.’ परवा शेजारचे काका म्हणाले, “अरे, गवत ते गवत. आणि हा खड्डा कशाला? डास होतील.”

काका, डासांचं आधी सांगतो. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा जातो. वाफा नीट जमला असेल तर पाणी एक-दोन दिवसांत मुरतं. नाही मुरलं तर वाफा चुकलाय, खुशाल बुजवा.

आता गवताचं. आपली काळी माती बेसाल्ट हा काळा खडक झिजून झालेली. तिच्यात स्मेक्टाइट नावाचं खनिज असतं, म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची थप्पी. एकेक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा. पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि थप्पी फुगते. उन्हाळ्यात वाळून आकसलेल्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून झरझर उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि जमिनीला झाकण बसतं. श्रावणातला पाऊस वरच्यावर वाहून जातो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २,५०० लिटर पाणी होतं. ते रस्त्यावरचं तेल, टायरची भुकटी, कुत्र्यांची घाण गोळा करत नाल्यात आणि तिथून कान्ह नदीत जातं.

ही झाकणबंद जमीन मुळं उघडतात. मूळ मातीत घुसतं, मरतं, कुजतं आणि मागे त्याच्या जागी एक नळी उरते. बुरशीचे धागे आणि कुजलेल्या अंशाचा लेप तिच्या भिंतीला धरून ठेवतो. लॉनची मुळं वरवरची. वाळ्याची २-३ मीटरसुद्धा खोल जातात. नळीतून वाहणारं पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं. त्रिज्या १० पट, तर प्रवाह १०,००० पट! एका मोठ्या नळीच्या जागेत १०० बारीक नळ्या मावतात हे खरं, पण त्या सगळ्या मिळूनही मोठीच्या एक शतांश पाणीच नेतात.

मात्र मोठी नळी नुसत्या ओलाव्यावर चालत नाही. मातीतली बारीक छिद्रं टीपकागदासारखी पाणी ओढून धरतात. तिथल्या पाण्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. मोठ्या नळीत ही ओढ जवळजवळ नसतेच, त्यामुळे छिद्रांनी धरलेलं पाणी तिच्यात उतरत नाही. नळीच्या तोंडावर पाणी साचलं, दाब हवेइतका किंवा त्याहून जास्त झाला, की मगच ती वाहू लागते. काका, खड्डा यासाठी आहे. हीच झाडं उंचवट्यावर लावली तर पाणी कडेनं निसटेल आणि नळ्या रिकाम्या राहतील. आपले माळीदादा सवयीनं वाफा उंच करतात. त्यांना हे समजावून सांगायलाच हवं.

वाफ्यात कंपोस्टही मिसळलंय. कुजलेला अंश मातीचे कण रव्यासारखे बांधतो आणि हवा-पाण्याला वाट ठेवतो. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथेच काम करून जी कंपोस्टची पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनीही ती पाहिली होती. आपल्या गावाचं हे नाव आपल्याच बागांमध्ये कुठे दिसू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

बोअर घ्यायचा म्हटला की मात्र अजूनही तळहातावर नारळ धरणारा पाणाड्या बोलावतात. नारळ पाण्यानं नाही, हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालींनी फिरतो. पावसानंतर झिजलेल्या बेसाल्टात बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच, म्हणून त्याचं नाव होतं. ते पाणी खाली गेलं कसं, हे कुणी विचारत नाही. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ म्हणवणाऱ्या माळव्यातलं हे शहर नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून आणतं. अरबी समुद्राकडे निघालेलं ते पाणी आपल्या नळातून कान्ह, क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा असं करत बंगालच्या उपसागराकडे वळतं. आपण नाल्यात जे सोडतो, ते उज्जैनच्या वाटेवर जातं.

वाफा पावसाचं पाणी किती साफ करतो? गाळ तळाशी बसतो, फॉस्फरस चिकणमातीच्या कणांना चिकटतो. नायट्रेट (युरियासारख्या खतातून आणि घाणीतून येणारं नायट्रोजनचं रूप) मात्र ऋणभारित, म्हणजे ऋण विद्युतभार असलेलं, आणि मातीचे कणही ऋणभारितच. त्यामुळे ते न चिकटता पाण्याबरोबर खाली निघून जातं. त्यातलं काही मुळं शोषतात. बाकीच्यासाठी तळाशी कायम पाणी भरलेला, हवा न पोचणारा थर लागतो. तिथले जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. आमच्या वाफ्यात तो थर अजून नाही. पाटीवर हेही लिहायला हवं, आणि तोवर कुणी त्यात युरिया टाकू नये.