पोरसवदा क्वार्टरबॅक आणि नो-हडल: हा वाद आला कुठून

अमेरिकन फुटबॉलमधे दर वर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातली पोरं टीम निवडून घेतात, कुठलीतरी टीम बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला क्वार्टरबॅक करून (बॉल हातात घेऊन खेळ चालवणारा तो) सगळा कारभार त्याच्याकडे देते आणि मग ठरलेला वाद सुरू होतो, की याला नो-हडल, म्हणजे गोल करून न ठरवता थेट, खेळू द्यायचं का नाही. एक पार्टी म्हणते अहो कॉलेजमधे तो हेच तर खेळत आलाय, उगाच गोलात उभं करून लांबलचक प्ले (ठरवलेल्या चाली) पाठ म्हणायला कशाला लावताय. दुसरी म्हणते आधी त्याला लीगचा वेग तर कळू द्या, पेटन मॅनिंगसारख्या मुरलेल्या क्वार्टरबॅकला जमलं ते या पोराला पहिल्याच वर्षी कसं जमेल. दोघांचंही पटतं, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींना नो-हडल म्हणतायत. हे असं कसं झालं ते बघायला बरंच मागे जावं लागतं.

आधी ज्यांनी हा खेळ फक्त रील्समधे पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. (तसं आपला संबंध अगदीच नाही असं नाही, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधे फ्लॅग फुटबॉल घ्यायचं ठरलं ते ऑक्टोबर २०२३ मधे आपल्या मुंबईत झालेल्या बैठकीतच, पण सगळ्या बातम्या क्रिकेटच्याच आल्या.) एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमधे एक प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ चालू होतं. तेवढ्यात माणसांच्या ढिगाऱ्यातून उठायचं, मागे येऊन गोल करायचा, हेल्मेटमधल्या स्पीकरवर कोच जे सांगतो ते ऐकायचं, तेच बाकीच्या दहा जणांना शब्द न चुकवता सांगायचं, टाळी मारून लाईनवर जायचं, समोरचे अकरा जण कुठे कसे उभे आहेत ते बघायचं, काही गडबड वाटली तर प्ले बदलायचा, मग स्नॅप, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू. आणि घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद, त्यापुढे पोरगं एकटं. हा जो गोल तो हडल. नो-हडल म्हणजे तो गाळून थेट लाईनवर.

गंमत अशी की हडल नंतर आलं. सुरुवातीच्या काळात सगळेच लाईनवर उभे राहून सांकेतिक आकडे ओरडायचे, म्हणजे आजच्या हिशोबानं सगळेच नो-हडलवाले. वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिर मुलांच्या कॉलेजची टीम १८९० च्या दशकात खेळायची, पॉल हबर्ड त्यांचा क्वार्टरबॅक, आणि समोर दुसरी कर्णबधिर टीम आली की यांच्या हाताच्या खुणा त्यांना सरळ वाचता यायच्या, म्हणून ही पोरं गोल करून खुणा लपवायला लागली. हडलची सुरुवात इथूनच झाली असं मानतात. म्हणजे मुळात प्रश्न होता निरोप लपवायचा, आणि पुढचा सगळा इतिहास मला तरी तोच वाटतो, निरोप कोण देतो, कुणाला देतो आणि वाटेत कोण चोरतो.

बराच काळ प्ले क्वार्टरबॅकच ठरवायचा. क्लीव्हलंडचा कोच पॉल ब्राउनला ते पटेना, त्यानं प्रत्येक प्लेला एक गार्ड (लाईनवरचा खेळाडू) आत-बाहेर करून त्याच्याकरवी निरोप पाठवायला सुरुवात केली, १९५६ मधे तर हेल्मेटमधे रेडिओ घालून बघितला, तो लीगनं लगेच बंद पाडला. रेडिओ अधिकृतपणे आला तो थेट १९९४ मधे. तोपर्यंत नो-हडल म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांचा नाईलाज, पिछाडीवर असलो आणि घड्याळ पळत असलं की करायची गोष्ट. १९५८ च्या फायनलमधे कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटसनं दोनेक मिनिटं उरलेली असताना स्वतःच्या १४ यार्डपासून टीमला नेऊन बरोबरी साधून दिली आणि ओव्हरटाइममधे कोल्ट्सनी जायंट्सना २३-१७ हरवलं, ते उदाहरण अजून सगळे देतात. प्ले सगळे त्याचे स्वतःचे. पण तो तेव्हा २५ वर्षांचा असला तरी पोरसवदा नव्हता, लीगमधलं त्याचं तिसरं वर्ष होतं ते.

नाईलाजाचं हत्यार पूर्ण सामनाभर वापरायचं हे डोकं सिनसिनाटी बेंगल्सचा कोच सॅम वाइचचं. (टीमचा मालक कोण, तर तोच पॉल ब्राउन, ज्याला क्वार्टरबॅकच्या हातात काही ठेवायचंच नव्हतं.) वाइचचं गणित वेगापेक्षा बदली खेळाडूंचं होतं. प्रत्येक प्लेनंतर डिफेन्स माणसं बदलतो, जाडे आत, चपळ बाहेर, मग परत उलटं. वाइचनं माणसं लाईनजवळच घोटाळत ठेवली आणि समोरच्यांची अदलाबदल चालू असतानाच स्नॅप घ्यायचा, डिफेन्सचे बारा जण मैदानात सापडले की फुकटात पाच यार्ड. आपल्याकडे जडेजा चटचट ओव्हर संपवतो आणि बॅट्समनला विचार करायला वेळच देत नाही, साधारण तसलाच त्रास. १९८८ च्या सीझनमधे त्यांचा क्वार्टरबॅक बूमर एसियासन एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, आणि प्लेऑफमधे (बाद फेरीत) सिएटलचे खेळाडू मधेच मैदानावर आडवे व्हायला लागले, जखम वगैरे काही नाही, नुसता वेळ काढायला. पुढचा सामना बफेलोशी. त्यांचे कोच मार्व्ह लेव्ही आधीपासूनच कुरकुरत होते की हा रडीचा डाव आहे, आमची माणसंही पडतील मग. ८ जानेवारी १९८९, सामना सुरू व्हायला जेमतेम दोन तास, आणि लीगनं वाइचला कळवलं की या पद्धतीनं खेळलात तर दंड बसेल. आता दोन तासांत माणूस काय करणार, बेंगल्स हडल करून खेळले आणि तरी २१-१० जिंकले. सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, मात्र फॉर्टीनाइनर्सकडून २०-१६ हरले.

आणि मग तेच लेव्ही आणि तेच बफेलो बिल्स वर्षभरात नो-हडलचे सगळ्यात मोठे भक्त झाले. जानेवारी १९९० मधे क्लीव्हलंडविरुद्ध पिछाडीवर असताना त्यांचा क्वार्टरबॅक जिम केलीनं घाईघाईत ४०५ यार्ड फेकले, सामना ३४-३० नं गेला पण कोचना कळलं की हे शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या सीझनला के-गन म्हणून तो पूर्णवेळ ऑफेन्स झाला, हा के केलीचा नाही बरं का, टाइट एंड (पास झेलणारा आणि समोरच्यांना अडवणाराही) कीथ मकेलरचा. प्ले केली स्वतः लावायचा, लाईनची जुळवाजुळव सेंटर (स्नॅप देणारा) केंट हल बघायचा. रेडर्सना ५१-३ धुतलं. लागोपाठ चार सुपर बोल गाठले, चारही हरले तो भाग वेगळा.

आता इथे थांबून दोन गोष्टी बघा कारण आजच्या वादाचं मूळ इथे आहे. एक, केली १९९० मधे ३० वर्षांचा होता, त्याआधी दोन वर्षं यूएसएफएल या दुसऱ्या लीगमधे ह्यूस्टनकडून खेळून आलेला, लाईनवर उभं राहून डिफेन्स वाचायची सवय हाडीमाशी मुरलेली. दोन, त्यातला पहिला सुपर बोल जायंट्सनी २०-१९ जिंकला तो बॉल तब्बल ४० मिनिटं ३३ सेकंद स्वतःकडे ठेवून. नो-हडलचा खर्च कुणाच्या खिशातून जातो ते तिथे दिसलं. तुमचे तीन प्ले फसले तर ते मिनिटाभरात फसतात, आणि पाणी प्यायला बसलेला तुमचाच डिफेन्स बाटली ठेवून परत मैदानात.

मॅनिंग याच वाटेवरचा. लाईनवर हातवारे, ओमाहा ओमाहा, सगळा कारभार त्याच्या हातात, २०१३ मधे डेन्व्हरनं ६०६ पॉइंट केले ते अशाच खेळानं. पण तोच मॅनिंग १९९८ मधे पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) फेकून ३ जिंकून १३ हरला होता, आणि तो पुढे एवढं करायला लागला ते कोऑर्डिनेटर (ऑफेन्स आखणारा कोच) टॉम मूर यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं घोटून. पोराला नो-हडल नको म्हणणाऱ्यांच्या डोळ्यापुढे हे चित्र असतं, आणि या चित्रापुरतं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

दुसरं नो-हडल मात्र वेगळ्याच घरात वाढलं, शाळा आणि छोट्या कॉलेजांत. रिच रॉड्रिगेझ १९९० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या पिटुकल्या कॉलेजात, गस मालझान आर्कान्सामधे शाळेचा कोच. यांच्याकडे मॅनिंग नव्हता आणि येणारही नव्हता, म्हणून यांनी उलटं केलं, डोकं कोचचं आणि पाय पोरांचे. सगळे पटकन लाईनवर जातात, डिफेन्स घाईत आपले पत्ते उघडतो, मग अकराच्या अकरा जण माना वळवून साइडलाइनकडे बघतात, तिथे कुणीतरी हातवारे करतो किंवा मोठा बोर्ड धरतो, त्यावर एखाद्या नटाचा फोटो, कार्टून, काहीही, आणि त्यातून प्ले कळतो. क्वार्टरबॅकला भाषण करायचं नाही, पाठांतर नाही, एका शब्दात प्ले. वाचायचं बहुतेक वेळा एकाच माणसाला, तो आत आला तर बॉल बाहेर, बाहेर गेला तर आत. कॉलेजमधे २००८ ला ४० सेकंदांचं घड्याळ आलं आणि याला रान मोकळं मिळालं, त्याच वर्षी ओक्लाहोमानं सॅम ब्रॅडफर्ड नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला घेऊन ७१६ पॉइंट केले आणि त्याला हाइझमन (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) मिळाली. २०१२ ला टेक्सास ए अँड एमचा जॉनी मॅन्झील तर फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) असून हाइझमन घेऊन गेला, असं आधी कधी झालंच नव्हतं, आणि तिथे कोऑर्डिनेटर होता क्लिफ किंग्जबरी. हे नाव लक्षात ठेवा.

अलाबामाचे कोच निक सेबन वगैरे कॉलेजातल्या मोठ्या मंडळींना हे अजिबात आवडलं नव्हतं. २०१४ मधे घड्याळावर २९ सेकंद यायच्या आधी स्नॅप घेतला तर दंड असा प्रस्तावही आला, कारण सांगितलं खेळाडूंची सुरक्षितता, आरडाओरडा झाला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. मग त्याच वर्षीच्या सीझनमधे सेबननी नव्यानं आणलेल्या लेन किफिनकरवी अलाबामाचा ऑफेन्सच वेगवान केला. लेव्हींसारखंच झालं, आधी तक्रार आणि मग वापर.

या दुसऱ्या प्रकारात वाढलेली पोरं एनएफएलमधे आली तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. ब्रॅडफर्डच्या दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर २०११ मधे, रॅम्स भरभर खेळत होते आणि जायंट्सचे दोन डिफेंडर एकाच वेळी धाडकन खाली बसले, टीव्हीवर सगळ्या देशानं पाहिलं, लीगला सगळ्या टीमना तंबी द्यावी लागली. २०१३ ला ओरेगन कॉलेजचा कोच चिप केली ईगल्सकडे आला, दुसऱ्याच वर्षात असलेल्या निक फोल्सनं २७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन असं स्वप्नवत वर्ष काढलं. पण बॉल हातात ठेवायच्या वेळेत ईगल्स लीगमधे तळाला, दोन वर्षांत सगळ्यांना त्याचे मोजकेच प्ले पाठ झाले, २०१५ चा सीझन संपायच्या आत चिप केलीची गच्छंती. वेगानं पहिल्या वर्षी दम काढला आणि नंतर समोरच्यांचा दम परत आला, एवढंच.

२०१७ ला रॅम्सचा नवा कोच शॉन मॅकव्हेनं जे केलं ते माझ्या मते या सगळ्यात हुशारीचं. त्यांचा क्वार्टरबॅक जेरेड गॉफ पहिल्या वर्षी सात सामने खेळून सातही हरलेला, लोकांनी मोडीत काढलेला. मॅकव्हे टीमला लवकर लाईनवर पाठवायचा, घड्याळात अजून २०-२५ सेकंद असायचे, रेडिओ चालू, मग कोच स्वतः डिफेन्स बघून पोराच्या कानात सांगायचा. वेग स्नॅपचा नाही, लाईनवर पोचण्याचा. रॅम्सनी त्या वर्षी ४७८ पॉइंट केले, लीगमधे सगळ्यात जास्त. अर्थात याचा तोडगाही सोपा, १५ सेकंद होईपर्यंत डिफेन्सनं खोटं उभं राहायचं आणि रेडिओ बंद झाला की हलायचं, मग पोराला स्वतः बघावंच लागतं.

किंग्जबरीचं काय झालं, तर २०१९ ला तो रुकी (पहिल्या वर्षाचा) क्वार्टरबॅक कायलर मरेसोबत अ‍ॅरिझोनात आला. सराव सामन्यातच रेफरींनी मरेच्या स्नॅपसाठीच्या टाळीवर दंडाचे झेंडे फेकले, तुझी टाळी फार झटक्यात वाजते म्हणे. पहिलं वर्ष ५ जिंकले, १० हरले, १ बरोबरी. मग २०२४ ला वॉशिंग्टन, तिथे रुकी क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स, आणि या वेळी लीगमधे सगळ्यात जास्त नो-हडल, बऱ्याचदा आरामात, घाई न करता. आधीच्या वर्षी ४-१३ असलेली टीम १२-५ झाली आणि एनएफसी फायनलपर्यंत (सुपर बोलच्या आधीचा सामना) गेली. पण डॅनियल्स दोन कॉलेजांत मिळून पाच वर्षं खेळून आला होता, त्यामुळे रुकी म्हटलं तरी तसा कच्चा नव्हताच, हे नो-हडलचे समर्थक सोयीस्करपणे विसरतात.

म्हणून कुणी विचारलं की पोराला नो-हडल द्यावं का, तर माझा पहिला उलटा प्रश्न असतो, डोकं कुणाचं वापरणार? कोच बघून सांगणार असेल, प्ले कमी आणि नावं छोटी असतील, तर खुशाल द्या, पहिल्या आठवड्यापासून द्या. सगळं पोरानंच ठरवायचं असेल तर जिम केलीला किती वर्षं लागली ते आठवा. आणि दुसरा प्रश्न डिफेन्स कसा आहे हा, तो आधीच पातळ असेल तर लाईनवर लवकर जा पण स्नॅप ५ सेकंद उरल्यावर घ्या.

अमेरिकेत ज्यांची मुलं हायस्कूलला खेळतात त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट आहे. लहान शाळांत तीच पोरं ऑफेन्सला आणि तीच डिफेन्सला असतात, त्यामुळे तुम्ही समोरच्याला दमवायला म्हणून भरभर खेळलात तर दमतात तुमचेच लाइनमन, कारण बॉल गेला की बाहेर जाऊन बसायची सोय त्यांना नसते. तिथे क्वार्टरबॅकला झेपतंय का यापेक्षा तिसऱ्या क्वार्टरला तुमचा सेंटर गुडघ्यावर हात ठेवून उभा आहे का ते आधी बघा.