धनभारित रंजके : पकड आणि जोखीम

लोकरीसारख्या भासणाऱ्या ॲक्रिलिक स्वेटरचा किंवा ब्लँकेटचा झगझगीत गुलाबी, निळा वा जांभळा रंग बहुधा कॅटायनिक, म्हणजे धनभारित, रंजकाचा असतो. असे रंजक पाण्यात विरघळले की त्याच्या रेणूचा रंगीत भाग धनभारित राहतो आणि क्लोराइडसारखा ऋणभारित आयन त्याच्यापासून सुटा होतो. अनेक रंजकांत हा धनभार एका अणूवर न राहता कार्बनी वलयांच्या साखळीत पसरलेला असतो. त्यामुळे रेणू प्रकाशाचा ठरावीक पट्टा फार जोरकसपणे शोषतो आणि अगदी थोड्या रंजकातही गडद छटा मिळते.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन यांच्या हाती क्विनीन हे हिवतापावरचे औषध बनवण्याच्या प्रयत्नात अपघाताने लागलेले मॉव्ह हे जांभळे रंजक याच कुळातले होते. रेशीम आणि लोकर यांवर ही रंजके सहज बसत. सुती कापडाला मात्र आधी टॅनिक आम्ल आणि अँटिमनीचा क्षार यांचा रंगबंधक द्यावा लागे, आणि एवढे करूनही रंग उन्हात लवकर विटत असे. विसाव्या शतकाच्या मध्यास ॲक्रिलिक तंतू आले नसते तर वस्त्रोद्योगात या रंजकांचे महत्त्व फारसे उरले नसते, असे मला वाटते. ॲक्रिलिकच्या बहुवारिक साखळ्यांवर सल्फोनेट आणि सल्फेट हे ऋणभारित गट असतात. रंजक त्यांना धरून बसते, आणि नैसर्गिक तंतूंवर विटणारी हीच रंजके येथे धुण्यात व उन्हातही चांगली टिकतात.

या ओढीमुळेच रंगाई अवघड होते. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तंतूची रचना सैल होते आणि रंजक एकदम आत शिरू लागते; या टप्प्यात तापमान भरभर चढवले तर कापडावर डाग आणि पट्टे उमटतात, शिवाय एकदा पक्के बसलेले रंजक सहजासहजी जागा सोडत नाही. म्हणून रंगारी ॲसेटिक आम्लाने द्रावणाचा सामू ४ ते ५ च्या दरम्यान राखतात, उष्णता हळूहळू वाढवतात आणि तंतूवरील त्याच जागांसाठी रंजकाशी स्पर्धा करणारा रंगहीन धनभारित मंदक मिसळतात. ऋणभारित रंजक किंवा साबण त्याच कुंडात पडला तर त्याचा आणि धनभारित रंजकाचा मिळून न विरघळणारा साका तयार होतो, म्हणून आधीच्या खेपेनंतर कुंड नीट धुतले आहे ना, हे पाहणे आवश्यक असते.

सुरक्षिततेचा प्रश्नही त्याच धनभारापाशी येतो. त्वचेतील प्रथिने, जिवाणूंच्या पेशी आणि न्यूक्लिइक आम्ले यांतही ऋणभारित जागा असतात. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू रंगवायला क्रिस्टल व्हायोलेट वापरतात ते याचमुळे. हेच रंजक आणि मॅलाकाइट ग्रीन डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करू शकतात. मॅलाकाइट ग्रीन माशांसाठीही विषारी असून खाण्याच्या माशांवर त्याचा वापर अनेक देशांत बंद आहे. ऑरामाइन या पिवळ्या धनभारित रंजकाच्या उत्पादन प्रक्रियेला तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या बाबींत गणले आहे. अर्थात सर्व धनभारित रंजके सारखी धोकादायक नाहीत, त्यामुळे हाताशी असलेल्या रंजकाचे सुरक्षा माहितीपत्रक वाचल्याशिवाय डबा उघडू नये.

खरा धोका भुकटीचा असतो. ती हवेत उडते, श्वासातून आत जाते आणि घामेजल्या त्वचेवर विरघळते. म्हणून वजन करताना हातमोजे, बंद चश्मा आणि धूळ अडवणारा मास्क वापरावा, भुकटी आधी थोड्या ॲसेटिक आम्लात कालवून लगदा करावा आणि मगच त्यावर गरम पाणी घालावे. द्रवरूपातले रंजक मिळत असेल तर तेच घेणे शहाणपणाचे. हाताला रंग लागलाच तर तो काढण्यासाठी ब्लीच चोळू नये, कारण त्याने त्वचा भाजते. साबण-पाण्याने धुवावे आणि उरलेला डाग त्वचा झडून जाईपर्यंत राहू द्यावा. कापडाचे रंजक अन्नात किंवा औषध म्हणून कधीही वापरू नये. मिथिलीन ब्लू हे धनभारित रंजक औषध म्हणूनही वापरतात, पण ते वेगळ्या शुद्धतेचे असते.

सांडपाण्यात रंजक अत्यल्प असले तरी पाणी रंगीत दिसते आणि त्यातून जाणारा सूर्यप्रकाश अडतो. सुदैवाने बेंटोनाइटसारख्या मातीचे कण ऋणभारित असल्याने रंजक त्यांवर लगेच चिकटते, आणि सक्रिय कोळसाही ते शोषून घेतो. मात्र त्याने रंजक नष्ट होत नाही, केवळ पाण्यातून गाळात जाते; तो गाळ वेगळा साठवून घातक कचऱ्याच्या नियमांनुसारच विल्हेवाटीस द्यावा लागतो.