वैमानिकांचे गणवेश : खरेदीपूर्वी वाचावे असे काही

दुसऱ्या महायुद्धातील हवाई दलांचे गणवेश आम्ही छत्रपती संभाजीनगर येथून संग्राहकांना उपलब्ध करून देतो. गणवेश जुना असणे वेगळे आणि तो अमुक एका वैमानिकाचा असणे वेगळे. किमतीतील मोठा फरक या दुसऱ्या गोष्टीमुळे पडत असल्याने ती कशी ठरवली जाते, हे ग्राहकांनी आधी समजून घ्यावे.

ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचे अधिकारी आपला कोट बहुधा खासगी शिंप्याकडून शिवून घेत, आणि आतल्या खिशातील शिंप्याच्या लेबलवर अधिकाऱ्याचे नाव व तारीख पुष्कळदा शाईने लिहिलेली सापडते. अमेरिकी गणवेशावर अनेकदा आडनावाचे आद्याक्षर आणि सेवा क्रमांकाचे शेवटचे चार अंक एवढीच खूण असते. परंतु एकाच नावाचे अनेक जण सेवेत असत. म्हणून लेबलवरील नाव लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रातील नेमणुकीशी आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील स्क्वाड्रनच्या, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीच्या, नोंदवहीशी ताडून पाहावे लागते. त्यानंतर कपड्याचीच साक्ष तपासावी. विमानाचा मार्ग ठरवणाऱ्या नॅव्हिगेटरचे ‘एन’ अक्षराचे छातीवरील चिन्ह, म्हणजे अर्धपंख, १९४२ मध्ये आले. १९४० साली मृत्यू पावलेल्या अधिकाऱ्याच्या कोटावर तो दिसला, तर तो मागाहून कोणीतरी शिवलेला आहे. सोबत आलेली पदकेही आम्ही पुरावा मानत नाही, कारण ब्रिटिश वैमानिकांना मिळालेल्या त्या युद्धाच्या स्टार पदकांवर नाव कोरलेले नसे.

आपल्या भागातील ग्राहक हैदराबाद संस्थानाशी जोडलेल्या वस्तू आवर्जून विचारतात, आणि आम्हालाही त्यांचे अगत्य आहे. निजामाच्या देणगीमुळे ‘हैदराबाद’ हे नाव मिळालेली १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धच्या लढाईत, स्पिटफायर ही लढाऊ विमाने चालवत होती, आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण आहे. मात्र केवळ हे बोधचिन्ह सोबत आहे म्हणून गणवेश त्या स्क्वाड्रनमधील एखाद्या वैमानिकाचा ठरत नाही.

घरी आणलेला गणवेश कृपया धुऊ नये आणि ड्रायक्लीनिंगलाही देऊ नये. शाईची अक्षरे व जुने टाके हाच त्याचा पुरावा असतो. लोकरीला कसर लागते, म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर घड्या उलगडून शिवणी तपासाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेले, खळ नसलेले सुती कापड वापरावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चामड्याचे जाकीट पत्र्याच्या छताखाली किंवा खिडकीजवळ ठेवल्यास ते कडक होऊन भेगाळते.

प्रत्येक गणवेशासोबत आम्ही पुराव्यांची लेखी नोंद देतो. जिथे वैमानिकाशी दुवा सिद्ध होत नाही, तिथे गणवेश निनावी म्हणूनच आणि निनावी गणवेशाच्याच किमतीला विकला जातो.