वाचता येतं, पण कळत नाही: लर्निंग डिसेबिलिटीची पार्श्वभूमी

1896 मधे इंग्लंडच्या एका डॉक्टरने 14 वर्षांच्या एका हुशार मुलाची केस छापली होती, गणित छान पण वाचन काही केल्या जमेना. 1963 ला शिकागोत पालकांच्या सभेत एका मानसशास्त्रज्ञाने लर्निंग डिसेबिलिटी (बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं, समजणं किंवा गणित जड जाणं) हा शब्द वापरला आणि तोच पुढे सगळीकडे रुळला.

आपल्याकडे घोळ शब्दापासूनच आहे. हिंदी कागदांवर अधिगम अक्षमता, मराठीत अध्ययन अक्षमता, आणि इथे इंदूरला राजेंद्र नगरात आजी म्हणणार "अभ्यासात कच्चा आहे हो". 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती त्यात हे नव्हतंच, मतिमंदत्व होतं, त्यामुळे अशी मुलं एकतर मतिमंद ठरायची नाहीतर आळशी, आणि ही दोन्ही नावं साफ चूक. 2016 च्या कायद्यात यादी 21 वर गेली तेव्हा कुठे हे आलं, आणि त्याच्या व्याख्येत अडचणी मोजताना पहिला शब्द आहे "समजणं", वाचणं-लिहिणं त्याच्या नंतर!

मग 2018 च्या नियमांनी ठरवलं की अपंगत्वाचं सर्टिफिकेट वयाच्या 8 वर्षांनंतरच, पुन्हा तपासणी 14 आणि 18 व्या वर्षी. कारण पटतं, लहानपणी सगळीच मुलं अडखळतात. पण घरोघरी याचा अर्थ "आठपर्यंत थांबा" असा घेतला गेला, आणि शिकवताना मदत करायला तर सर्टिफिकेट लागतच नाही. ते मिळाल्यावरही चर्चा परीक्षेतल्या जादा वेळेची आणि लेखनिकाचीच, धडा कळावा म्हणून काय करायचं ते राहूनच जातं.

खरंतर 1984 मधेच अमेरिकेत सातवीच्या अशा मुलांवर काम झालं होतं ज्यांना वाचता येत होतं पण अर्थ लागत नव्हता. छोट्या गटात परिच्छेद वाचायचा, मुलांनीच प्रश्न विचारायचे, थोडक्यात सांगायचं, अडलेलं सोडवायचं, पुढे काय येईल ते ओळखायचं, आणि बाईंची जागा आळीपाळीने एकेका मुलाने घ्यायची. खर्च शून्य, आणि त्या मुलांची समज चांगली वाढली.

इंदूरच्या मराठी मुलाचं अजून एक आहे, घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्लिश. हिंदीच्या पुस्तकात "चेष्टा" म्हणजे प्रयत्न, घरी चेष्टा म्हणजे थट्टा, लिपी तीच म्हणून तो घडाघडा वाचतो आणि अर्थ भलताच लावतो. ही अक्षमता नाही. पण तीच गोष्ट मराठीतून नीट सांगता येते आणि मराठीतच लिहिलेली वाचून मात्र कळत नाही, असं होत असेल तर तपासणी कराच, आणि घरी कुठली भाषा बोलता ते तिथे आधी सांगा.