संगणकाने शोधलेली सिद्धता आणि संगणकाने तपासलेली सिद्धता

'अमुक प्रमेय संगणकाने सिद्ध केलं' या बातमीमागे दोन अगदी निराळी कामं असू शकतात. एकात माणसाला न झेपणारी आकडेमोड संगणक उरकतो. दुसऱ्यात माणसाने रचलेली सिद्धता तो पायरी-पायरीने तपासतो. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते. गणित शिकणाऱ्याने तरी ती करू नये, कारण पहिल्या कामात त्याला बघ्याची भूमिका असते, तर दुसऱ्यात सगळं त्यालाच करावं लागतं.

पहिल्याचं गाजलेलं उदाहरण चार रंगांचं. नकाशावर शेजारशेजारच्या प्रदेशांना वेगळे रंग द्यायचे, तर कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात का? 1852 मध्ये इंग्लंडच्या काउंट्यांचा नकाशा रंगवताना फ्रान्सिस गथ्री याला हा प्रश्न पडला आणि भावामार्फत तो ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे गेला. (संचांच्या धड्यात ज्यांचे नियम पाठ करावे लागतात तेच हे, जन्म मदुराईचा.) 1879 मध्ये केम्पे यांनी सिद्धता दिली, ती मान्यही झाली. तिच्यातली खोट हीवुड यांनी दाखवली ती 1890 मध्ये. अकरा वर्षं भल्याभल्यांना ती दिसली नव्हती!

1976 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या केनेथ अ‍ॅपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी प्रश्न सोडवला. प्रत्येक नकाशात ठरावीक दीड-दोन हजार रचनांपैकी एखादी तरी सापडतेच, आणि अशी रचना सापडली की प्रश्न त्याहून लहान नकाशावर ढकलता येतो, ही मूळ कल्पना. 'सापडतेच' हा भाग मुख्यतः हाताने झाला. तपासायला दोघांची मुलंही बसली होती. 'ढकलता येतो' हे दाखवायला संगणक हजाराहून जास्त तास चालला. विद्यापीठाचा गणित विभाग टपालावर 'चार रंग पुरतात' असा शिक्का मारू लागला. तरी बऱ्याच गणितज्ञांची कुरकुर थांबेना. उत्तर मिळालं, पण 'का' ते डोक्यात शिरत नाही. आणि प्रोग्रॅमच चुकला असेल तर?

संत्र्यांची रास फळवाले रचतात त्यापेक्षा दाट रचता येत नाही, हे केप्लरचं 1611 मधलं अनुमान. थॉमस हेल्स यांनी 1998 मध्ये ते प्रचंड आकडेमोडीच्या आधाराने सिद्ध केलं. बारा परीक्षक काही वर्षं झटले आणि शेवटी म्हणाले, 99 टक्के खात्री आहे. गणितात 99 टक्के म्हणजे काय करायचं?

इथे दुसरं काम सुरू होतं. कॉक (हल्लीचं नाव रॉक), इसाबेल, लीन ही सिद्धता तपासणारी सॉफ्टवेअर. त्यांच्या गाभ्यात तर्काचे मोजकेच नियम असतात. त्या नियमांत न बसणारी पायरी आली की संगणक तिथेच अडतो. चार रंगांची सिद्धता जॉर्ज गॉन्तिए यांनी 2005 मध्ये कॉकमधून पार केली, तर हेल्स यांच्या चमूने केप्लरचं काम 2014 मध्ये पुरं केलं. आकडेमोड यातही होतीच, फक्त तीही त्याच नियमांच्या चाळणीतून गेली. आता मूळच्या अवाढव्य प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायची गरज उरली नाही, छोट्या गाभ्यावर ठेवला की झालं. एक धोका मात्र राहतो. तुम्ही विधानच भलतं लिहिलंत, तर ते भलतं विधानही संगणक इमानेइतबारे तपासून देईल.

विद्यापीठातल्या मुलांना यात काय मिळतं? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात केव्हिन बझर्ड यांनी पदवीच्या मुलांना लीन वापरायला लावलं. 'नॅचरल नंबर गेम' हा त्यांच्याच पुढाकाराने झालेला खेळ ब्राउझरमध्ये चालतो. त्यात n + 0 = n हे बेरजेच्या व्याख्येतच दिलेलं असतं. मग 0 + n = n सिद्ध करायला सांगतात. 'हे तर उघडच आहे' म्हणून चालत नाही. इंडक्शन लावावं लागतं, म्हणजे 0 साठी खरं आहे आणि एका संख्येसाठी खरं असेल तर पुढचीसाठीही खरं ठरतं, हे दाखवावं लागतं. परीक्षेच्या पेपरात 'हे स्पष्ट आहे' लिहून निसटणाऱ्याला इथे पळवाट नाही. फळ्यावरची सिद्धता उतरवून घेताना न दिसलेली फट तिथल्या तिथे दिसते, आणि ती बुजवायचीही आपणच. पहिल्या प्रकारच्या संगणकाने जगाच्या ज्ञानात भर घातली असेल, पण माझ्या मते विद्यार्थ्याच्या कामाचा हा दुसरा.

अर्थात दोन्ही कामं एकत्रही येतात. 2024 मध्ये गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी बीजगणितातल्या 4,694 नियमांपैकी कोणता कोणातून निघतो, हे ठरवण्याचा प्रकल्प जाहीर केला. नियमांच्या जोड्या दोन कोटी वीस लाखांहून अधिक. कित्येक उत्तरं प्रोग्रॅमनी शोधली आणि लीनने तपासली. त्यामुळे अनोळखी हौशी माणसाचं कामही घेता आलं. त्याची पदवी विचारण्याचं कारणच उरलं नाही.