घरात किती माणसं, आणि मुलाजवळ कोण? कुटुंब आणि बालपण या प्रश्नाची पार्श्वभूमी

घटस्फोट झाला की मुलांचं काय होतं, एकट्या आईनं किंवा बापानं वाढवलेलं मूल मागं पडतं का, आजी-आजोबा जवळ असले तर फरक पडतो का, हे प्रश्न निघाले की प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. ही उत्तरं आली कुठून याचा माग काढला, तर गेल्या शंभर वर्षांत तज्ज्ञांनी आईबापांना किती उलटसुलट सांगितलं ते दिसतं. त्या प्रत्येक सल्ल्याखाली खरी मुलं वाढली. म्हणून हा इतिहास ठाऊक असायला हवा.

१९२८ साली अमेरिकेतल्या जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं. मुलांना मिठी मारू नका, पापे घेऊ नका, मांडीवर बसवू नका; अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळाचा एक पापा घ्या आणि सकाळी हात मिळवा, असा त्यातला सल्ला. लाडानं मूल परावलंबी होतं, ही त्यांची खात्री होती. पुस्तक हातोहात खपलं. अनाथालयं आणि रुग्णालयांचा कलही तसाच होता. तिथं कारण वेगळं, जंतुसंसर्गाचं, पण परिणाम एकच: मुलाला कमीत कमी हात लावायचा.

या शिस्तीचा हिशेब मांडला मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी, १९४५-४६ मध्ये. त्यांनी दोन ठिकाणची तान्ही मुलं पाहिली. एक होतं अनाथ बालकांचं घर. स्वच्छ, वेळेवर दूध, डॉक्टरांची देखरेख. मात्र साधारण आठ मुलांमागं एक परिचारिका, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या, त्यामुळे मुलाला छताखेरीज फारसं काही दिसायचं नाही. दुसरं ठिकाण म्हणजे तुरुंगातलं पाळणाघर. तिथं कैदी आया रोज आपल्या बाळांना घेत, खेळवत, भरवत. अनाथालयातल्या ९१ मुलांपैकी ३४ मुलं दोन वर्षांत दगावली. तुरुंगात एकही नाही. स्पिट्झ यांच्या पद्धतीवर पुढं बरीच टीका झाली आणि ती काही अंशी रास्तही होती. पण तुरुंगातलं मूल जगतं आणि स्वच्छ पाळण्यातलं मरतं, हे एकदा समोर आल्यावर ‘खाऊपिऊ घातलं की मूल वाढतं’ असं छातीठोकपणे म्हणणं अवघड झालं.

तरीही रुग्णालयांनी ऐकलं नाही. त्या काळी ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत आईबापांना आठवड्यातून एकदा, तेही ठरलेल्या वेळेतच, मुलाला भेटता येई. आई गेली की मूल रडतं, मग आलीच नाही तर बरं, असा परिचारिकांचा अनुभव. आणि काही दिवसांनी मूल ‘शांत होतं’ हा त्याचा पुरावा. जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्याला ही शांतता खटकली. शब्दांनी कुणी मानत नाही म्हणून त्यांनी छोटा कॅमेरा घेतला आणि बेंबीच्या हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस भरती झालेल्या लॉरा नावाच्या मुलीचं चित्रण केलं. वय दोन वर्षं पाच महिने. पोर मोठी समजूतदार. मोठ्यानं फारशी रडत नाही. मध्येच चेहरा आकसतो, आई कुठंय असं विचारते आणि पुन्हा स्वतःला आवरते. दिवस जातात तशी आई आली तरी तोंड फिरवू लागते. घरी जायच्या दिवशी आपल्या सगळ्या वस्तू गोळा करून निघते, पण आईचा हात धरत नाही.

१९५२ मध्ये लंडनमध्ये डॉक्टर-परिचारिकांपुढं हा चित्रपट दाखवला तेव्हा सभागृह खवळलं. ही मुलगी अपवाद आहे, चित्रण दिशाभूल करणारं आहे, असे आरोप झाले. पुढं १९५९ मध्ये सरकारी समितीच्या प्लॅट अहवालानं आईबापांना मुलाला केव्हाही भेटता यावं अशी शिफारस केली, आणि ती प्रत्यक्षात उतरायला आणखी कित्येक वर्षं गेली. आज आई मुलाच्या खाटेशेजारी रात्र काढते, त्यामागं त्या न धरलेल्या हाताचा वाटा आहे.

रॉबर्टसन यांचे सहकारी, मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हाच धागा, मुलाला जवळच्या माणसाशी घट्ट नातं हवं हा, सिद्धांताच्या वाटेवर नेला. पण लोकांपर्यंत पोचताना त्याचा विपर्यास झाला. ‘मुलाला जिव्हाळ्याचं, न बदलणारं माणूस हवं’ याचं ‘आईनं घर सोडू नये’ असं झालं, आणि नोकरी करणाऱ्या बायकांच्या एका पिढीच्या मनात अपराधाचं ओझं बसलं. १९७२ मध्ये ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी हा गुंता सोडवला. मूल कुणापासून दुरावलं एवढंच पाहून भागत नाही, घरात भांडण किती हेही पाहावं लागतं. आईबापांपैकी एकाच्या मृत्यूपेक्षा घरातल्या कलहाचा मुलांच्या वागण्यावर जास्त वाईट परिणाम दिसतो, असं त्यांनी दाखवलं. आणि मूल आईखेरीज इतरांशीही घट्ट नातं जोडतं.

हे भान नेमकं गरजेच्या वेळी आलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला, इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला आणि घरं मोडू लागल्याची ओरड सुरू झाली. (पूर्वी घरं अभंग होती हा समज मात्र चुकीचा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात कितीतरी मुलं मोठी होण्याआधीच आई किंवा बाप गमावत, आणि सावत्र आई-वडील सर्रास असत.) मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टाइन यांनी १९७१ पासून ६० घटस्फोटित कुटुंबांचा पाठपुरावा केला आणि जखम विशी-तिशीतही ओली राहते असं मांडलं. पण तुलनेला न मोडलेली कुटुंबंच नव्हती, हा त्या कामातला मोठा दोष. मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी तशी तुलना केली. घटस्फोटित घरांतल्या २० ते २५ टक्के मुलांत गंभीर अडचणी दिसल्या, इतर घरांत सुमारे १० टक्के. धोका दुप्पट ते अडीचपट, आणि तरीही चारातली तीन मुलं सावरलेली. सोयीनुसार यातलं एकच वाक्य उचललं जातं. दोन्ही एकत्र वाचायला हवीत.

पॉल अमाटो आणि ॲलन बूथ या समाजशास्त्रज्ञांचा निष्कर्ष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सतत भांडणाऱ्या आईबापांचा घटस्फोट झाला तर मुलांचं पुढं बरं होतं. फारसं न भांडणाऱ्यांचा झाला तर मुलं जास्त कोसळतात, कारण त्यांच्या दृष्टीनं आभाळ अचानक फाटलेलं असतं. म्हणजे ‘मुलांसाठी एकत्र राहा’ हा सल्ला एका घरात आधार ठरतो आणि दुसऱ्या घरात शिक्षा.

पैशाचा भागही मोठा. सारा मॅक्लॅनहन आणि गॅरी सँडेफर या समाजशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं, की एकट्या पालकाकडच्या मुलांची जी पिछेहाट दिसते, त्यातली जवळपास निम्मी कमी उत्पन्नामुळे असते. त्याआधी १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या महामंदीत वाढलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. आईबाप दोघंही घरात, पण कमाई गेलेला बाप चिडचिडा झाला आणि मंदी मुलांपर्यंत पोचली ती बऱ्याच अंशी त्याच्या संतापातून.

१९९८ मध्ये लेखिका ज्युडिथ रिच हॅरिस यांनी आईबापांच्या वळणाला आपण अवास्तव महत्त्व देतो, स्वभाव घडतो तो आनुवंशिकतेतून आणि सवंगड्यांत, असं मांडून खळबळ उडवली. त्यांचं सगळं टिकलं नाही, पण हट्टी मूलही आईबापांना कठोर बनवतं, ही त्यांनी करून दिलेली आठवण मोलाची होती.

हवाईतल्या कवाई बेटावर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा दशकानुदशकं मागोवा घेतला. गरिबी, व्यसन, तंटे अशा घरांतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश चांगली, सक्षम माणसं झाली. त्यांतल्या बहुतेकांच्या आयुष्यात किमान एक माणूस पक्कं होतं: कुठं आजी, कुठं मावशी, कुठं मोठी बहीण.

आणि रोमानिया. १९८९ मध्ये हुकूमशहा चाउसेस्कूंची सत्ता कोसळली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं तिथल्या संस्थांत सापडली; पाळण्यात एकटीच डोलणारी, रडणं सोडून दिलेली. २००० पासून बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं. संस्थेत राहिलेल्यांपेक्षा ती पुढं गेली, आणि दोन वर्षांची होण्याआधी घर मिळालेली सर्वांत जास्त. पुढं रोमानियानं कायदा केला. १ जानेवारी २००५ पासून, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडता, दोन वर्षांखालचं मूल संस्थेत ठेवायला तिथं बंदी आली.